पुढून किर्द, मागून तक्रारी

वही एकच. लांबडी, लाल पाठीची,
मधल्या मारुतीजवळच्या दुकानातली.
दुसरी घ्यायला कमिटीनं मंजुरी दिली नाही,
म्हणून पुढून किर्द लिहिते, मागून तक्रारी.
वीरभद्र सोसायटी, जुळे सोलापूर. बारा बिऱ्हाडं.
हातमाग संघात तीस वर्षं हिशेब लिहिला म्हणून
निवृत्तीनंतर हे माझ्या गळ्यात.

पुढून:
मागील पानावरून शिल्लक चार हजार एकशे सहा.
मोटारीचं वाइंडिंग, दोन हजार तीनशे.
टँकर. टँकर. टँकर.
वॉचमनचा पगार – इथून पुढे रेघ.
गड्ड्याच्या जत्रेआधीच त्याला काढला, खर्च कमी करायला.

मागून:
चिलवेरींच्या छतातून गुंडेटींचं पाणी.
गुंडेटी म्हणतात, आमचं नव्हे, वरच्या टाकीचं.
नदाफभाभींच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी चादरींची गाठोडी.
माझ्यावरही एक: दुपारी दोनला शेंगाचटणी कुटतात.
(चटणीची वाटी मात्र पुसून परत आली.)
आणि एक बिनसहीची,
'रात्री तीनला जिन्यात चपला वाजतात. बंदोबस्त व्हावा.'
सात वेळा. तेच अक्षर, र-ची शेपटी लांब.

कलशेट्टी, चौथा मजला, थकबाकी चौदा महिने,
नऊ हजार आठशे.
त्यावर एकवीस टक्के व्याज, उपविधीत आहे म्हणून मांडते,
पण मांडते पेन्सिलीनं.
टॉवेलचा कारखाना बसला, माग भंगारात किलोवर गेले,
हे किर्दीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला ठाऊक नाही.
सभेत कुणीतरी म्हणालं, नळ तोडा बे त्यांचा.
हात वर झाले. माझा
अर्धा.

त्या आठवड्यात हिशेब जुळेना म्हणून वही उलटी-सुलटी करत होते.
बिनसहीच्या तक्रारींच्या तारखा सहज खाली खाली उतरवल्या:
नऊ, चौदा, एकोणीस, चोवीस, एकोणतीस,
महिना उलटून तीन, आठ.
हे तर पाण्याचे दिवस.
चार दिवसांआड, महापालिकेला वाटेल त्या वेळी.

तेराच्या रात्री जिन्यात बसून राहिले.
तीनला दहा कमी, आणि टाचेचा खिळा निघालेली चप्पल
वरून खाली
एकेक पायरी.
हातात बॅटरी, खांद्यावर टॉवेल, त्यांच्याच मागाचा असणार,
कडा अजून घट्ट होती.
व्हॉल्व्ह फिरवला, हौद भरेपर्यंत पायरीवर टेकले,
मग मोटार, मग गच्ची, मग परत खाली.
"तुम्ही कशाला हो कलशेट्टी?"
"कुणीतरी सोडायला पाहिजे की, अक्का.
मला तसंबी झोप येत नाही."

महिनाभर बारा घरांत सकाळी पाणी येत होतं.
वॉचमन गेल्यावर ते कोण चढवतं, असं
कुणी विचारलं नव्हतं.
हिशेबनीस मी. मीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हाउचर केलं, बाकीतून वळतं करायला.
त्यांनी सही केली नाही.
"पाणी सोडल्याचे पैसे लिवू नका.
बाकी माझी हाय, मी देतो. पोरगं चिकटलंय पुण्यात,
पहिला पगार होऊ द्या."

मग पुढून एकच नोंद करता आली:
किरकोळ खर्च. रबरी चपला, मऊ तळाच्या, एक जोड.
एकशे साठ. नवी पेठ.
मागून त्याच तारखेला, कार्यवाहीच्या रकान्यात:
बंदोबस्त केला.

ऑडिटर आला मार्च सरल्यावर. पंख्याखाली घामाघूम.
एकशे साठवर बोट ठेवून म्हणाला,
"सोसायटीला चपला कशाला हो?"
मी वही उलटी केली,
म्हटलं, आता मागून वाचा.

वाचत बसला. चहावर साय धरली.
हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली,
आणि म्हणाला,
पुढच्या वेळी पावतीवर शिक्का घेत चला.